न पाहिलेल्या नदीचे नकाशे तपासताना

आधी तक्रार सांगून टाकते: या नकाशांत नदी निळी नाही. अख्खं पुस्तक दोन रंगांत छापलंय, काळा आणि एक तांबूस तपकिरी. पाटबंधारे खात्यातल्या सगळ्या नोकरीत मी नदीसाठी प्रशियन निळ्याशिवाय दुसरी शाई उचलली नाही. त्यामुळे पहिली दहा मिनिटं नदी कुठली, वाट कुठली आणि सरहद्द कुठली हेच मला उमजेना. मग डोळा सरावला.

पुस्तक म्हणजे टोल्किन या इंग्रज कादंबरीकाराने कल्पिलेल्या मिडल-अर्थ या मुलखाचा नकाशासंग्रह. इंग्रजीत आहे, काढणाऱ्या बाई कॅरन विन फॉनस्टॅड. पहिली आवृत्ती १९८१ची, माझ्याकडे आलेली १९९१ची सुधारित. योगायोग असा की १९८१ सालीच मी सांगलीत अनुरेखक म्हणून रुजू झाले. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेब पेन्सिलीने कच्चा नकाशा द्यायचे, आम्ही त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणायचो, शाईने उतरवायचो, आणि मग त्याच्या अमोनिया प्रिंटा निघायच्या. त्या वासाने डोळ्यांना धार लागायची. पुढे मी आरेखक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे मी इकडे कृष्णेचे काटछेद उतरवत होते तेव्हा ही बाई तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बसून, जगात कुठेच नसलेल्या नदीची वळणं शाईने ओढत होती. हे कळलं तेव्हा माझा निम्मा राग गेला.

पुस्तक पाठवलं माझ्या भाचीने. ती टोल्किनवेडी. फोनवर म्हणाली, "आत्या, तू आयुष्यभर नद्याच काढल्यास ना, आता ही एक तपासून दे." विकणाऱ्याने पुठ्ठ्याचं खोकं वाचवून नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धाडलं, वरचा कोपरा मुडपून आला. कागदी बांधणी आहे, त्यामुळे टेबलावर उघडं राहत नाही. दोन्ही बाजूंना वाटीभर तांदळाच्या पुरचुंड्या ठेवून काम केलं. किंमत भाचीने सांगितली नाही, मीही विचारली नाही.

कादंबरी, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मी नकाशांनंतर वाचली. माझं इंग्रजी सरकारी पत्रांपुरतं, पण अडलं तिथे भाची होतीच. अशा उलट्या वाटेने गेले म्हणून मला अपराधी वाटत होतं. तर तिने सांगितलं की टोल्किनने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय: आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, ते शहाणपणाचं ठरलं. मूळ पुस्तकांतले नकाशे त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढले. १९५४ला मोठ्या प्रदेशाचा, आणि १९५५ला तिसऱ्या खंडात गोंडोर आणि मॉर्डोर या राज्यांचा मोठ्या प्रमाणावरचा. फॉनस्टॅडबाईंनी या नकाशांवर, कादंबरीच्या मजकुरावर आणि नंतर छापल्या गेलेल्या टोल्किनच्या कच्च्या लिखाणावर आपलं काम उभारलं. बाई भूगोल शिकलेल्या, नकाशे काढणं हाच व्यवसाय. हे पुस्तक हातात घेतल्याबरोबर कळतं. अक्षरं एका उंचीची, प्रमाणपट्टी जागेवर, उतार दाखवणाऱ्या बारीक रेघा डोंगराच्या अंगाने पडलेल्या. डोंगर म्हणजे उलटे व्ही काढून मोकळं व्हायचं, असला प्रकार नाही.

मी तपासली ती आंदुइन. त्या देशातली सगळ्यांत मोठी नदी, नावाचा अर्थच 'लांब नदी'.

उगमाला दोन प्रवाह आहेत. लँगवेल धुक्याच्या डोंगरांतून येतो, ग्रेलिन उत्तरेच्या करड्या डोंगरांतून, आणि फ्राम्सबर्गपाशी दोघांचा संगम होतो. फ्राम्सबर्ग हे नाव कादंबरीत नाही. १९७०मध्ये पॉलीन बेन्स यांनी भिंतीवर लावायचा जो रंगीत नकाशा केला, त्यात ते आलं. तिथून नदी सरळ दक्षिणेला निघते. उजव्या अंगाला डोंगरांची रांग, डाव्या अंगाला मर्कवुडचं जंगल. (नदीकडे पाठ न करता, वाहत्या पाण्याच्या दिशेने तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला तो उजवा तीर. पुस्तकात सगळीकडे पूर्वकाठ-पश्चिमकाठ आहे. चूक नव्हे, पण आमच्या साहेबांनी कागद परत पाठवला असता.) मध्ये कॅरॉक नावाचा पात्रातला प्रचंड खडक, त्याला पायऱ्या खोदलेल्या, आणि पलीकडे जायला सपाट दगडांचा उतार. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. हा शब्द आता कुणी वापरत नाही, माझी आजी वापरायची. खाली जुन्या जंगलवाटेचा आणखी एक उतार आहे.

आता माझी पहिली शंका. डोंगराच्या बाजूने एकामागून एक उपनद्या येतात: ग्लॅडन, मग लोथ्लोरिएनमधून येणारी सिल्व्हरलोड, मग फँगॉर्नच्या रानातून लिमलाइट. सगळ्या उजव्या तीराला. डाव्या तीराला, राउरोसच्या धबधब्यापर्यंत, नाव असलेली एकही उपनदी मला सापडली नाही. एवढं थोरलं जंगल, तिथे पाऊस पडतच असणार. पाणी जातं कुठे? जंगलातला तो मंतरलेला ओढा तर उत्तरेला पळतो आणि दुसऱ्याच नदीला मिळतो.

दोन दिवस या शंकेवर मी जाम खूश होते. म्हटलं, सापडली चूक. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना आठवलं की आपली कृष्णा तरी वेगळं काय करते? महाबळेश्वराहून निघाली की कोयना कराडला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला, सगळ्या सह्याद्रीकडून, सगळ्या उजव्या तीराला. डाव्या तीराला आमच्या भागात येरळा, आणि तिच्यात पाणी कधी असतं ते विचारू नका. वारा पश्चिमेचा, पाणी घाटमाथ्याचं, पलीकडे पर्जन्यछाया. आंदुइनलाही पश्चिमेला डोंगरांची भिंत आहे. तेव्हा एकाच बाजूने उपनद्या येणं मी मंजूर केलं. तरीपण येरळा कोरडी असली तरी नकाशावर असते हो. तिथे डाव्या तीराला ओघळसुद्धा नाही.

ग्लॅडन मिळते तिथे मोठी पाणथळ आहे, पिवळी फुलं येणाऱ्या लव्हाळ्यांची. कादंबरीतली ती जगप्रसिद्ध अंगठी इथेच पडली. इसिल्दुर राजा जीव वाचवायला नदीत उतरला, बोटातून अंगठी निसटली, आणि तिसऱ्या युगाच्या दुसऱ्या सालापासून सुमारे २४६३पर्यंत ती तळाशी होती. मग डेआगोल नावाचा एकजण मासे धरताना पाण्यात ओढला गेला आणि चिखलाबरोबर ती त्याच्या मुठीत आली. भाचीला वाटलं मी हसेन. मी हसले नाही. सोनं जड, प्रवाह तिथे मंद, पडलं तिथेच रुतणार. पूर गाळ आणतो तसा खरवडतोही. सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी मी लहानपणी पाहिलेत. त्यांना हा प्रसंग सांगितला असता तर त्यांनी फक्त "किती तोळ्याची?" एवढंच विचारलं असतं.

सगळ्यांत रसाळ तुकडा लिमलाइटच्या खाली आहे. दोन मोठी पश्चिमेकडची वळणं, तिथे पात्र पसरट आणि उथळ. मग एमिन मुइलची खडकाळ टेकाडं सुरू होतात, आणि नदी त्यांना वळसा न घालता मधूनच घुसते. आधी सार्न गेबिरची धावण, म्हणजे खडकांतून फेसाळत पळणारं पाणी. तिथे होड्या उचलून काठाने न्यायची जुनी वाट केलेली आहे. पुढे दोन्ही तीरांना कोरलेले प्रचंड राजे, आर्गोनाथ. त्या खिंडीतून बाहेर पडलं की नेन हिथोएल हा लांबट तलाव. त्याच्या दक्षिण टोकाला मध्ये एक सुळक्याचं बेट, दोन बाजूंना दोन टेकड्या, आणि लगेच राउरोस, नदी धाडकन खाली.

तलाव आणि त्याच्या तोंडाशीच धबधबा, ही जोडी मला आधी खटकली. पाणी तोंड झिजवतं, तोंड खाली गेलं की तलाव रिकामा होतो. पण तोंडाशी कठीण खडकाचा उंबरा असला तर युगानुयुगं टिकेल. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा आम्ही सहलीला पाहिला होता, ५२ मीटर उंच. तिथे वर उभं राहिलं की कळतं, नदीला आपण पडणार आहोत याची कल्पना शेवटच्या क्षणापर्यंत नसते. फॉनस्टॅडबाईंनी हा सगळा भाग स्वतंत्र मोठ्या नकाशात घेतलाय. पुस्तकातला माझा आवडता कागद तोच. कडे कुठल्या बाजूला तुटलेत, उतरायची वाट कुठे, हे बोट ठेवून दाखवता येतं. प्रवासाचे नकाशे आणखी वेगळे आहेत, मुक्कामांच्या तारखांसकट. कथानायक फ्रोडोची मंडळी १६ फेब्रुवारीला लोथ्लोरिएनहून होड्या सोडतात, २५ला आर्गोनाथमधून जातात, २६ला तलावाच्या टोकाशी त्यांची फाटाफूट होते. वाचताना मला हे दहा दिवस नुसते कंटाळवाणे वाटले होते. नकाशावर मुक्काम मोजले तेव्हा कळलं की धावणीपाशी त्यांचा जीव का टांगणीला लागला होता. वल्हवायला चुकले असते तर पुढची पानं लिहावीच लागली नसती.

त्यांच्यातल्याच, मारल्या गेलेल्या बोरोमिरचा देह होडीत ठेवून ती राउरोसवरून सोडतात, आणि तिसऱ्या रात्री त्याचा भाऊ ती खाली वाहताना पाहतो, पाण्याने भरलेली पण अखंड. होडी एल्फांनी, म्हणजे गोष्टीतल्या जादूई जमातीने, बनवलेली आहे असं भाचीचं म्हणणं. असू दे बाई.

राउरोसच्या खाली जमिनीचा उतार संपतो, आणि इथे टोल्किनला नदी कळत होती असं मी लिहून द्यायला तयार आहे. पश्चिमेकडून एंटवॉश येते ती एका तोंडाने न मिळता फाटे फुटून, समुद्रापासून शेकडो मैल आत त्रिभुज प्रदेश करून. समोरच्या तीराला निंडाल्फची दलदल. कड्यावरून पडलेलं पाणी सपाटीवर आलं की त्याच्यातला जोर जातो आणि गाळ खाली बसतो; दोन नद्या अशा ठिकाणी भेटल्या तर दुसरं काय होणार? भाचीला हा भाग 'नुसती दलदल' वाटला होता. तिला मी वाडीच्या संगमाचे जुने नकाशे आठवून फोनवर अर्धा तास ऐकवलं.

मग कायर आंद्रोस हे बेट. जहाजाच्या आकाराचं, टोक प्रवाहाकडे. नदीतली बेटं अशीच होतात, वरून अणकुचीदार, खाली निमुळती. आपल्या बहे बोरगावला कृष्णेत रामलिंग बेट आहे, समर्थांच्या अकरा मारुतींतला एक तिथे आहे. पावसाळ्यात पुलावरून बघा, पाणी बेटाच्या नाकावर फुटतं ते हुबेहूब जहाजासारखं दिसतं.

त्याच्या खाली ओसगिलियाथ, दोन्ही तीरांवर पसरलेली जुनी राजधानी, आता पडकी. आणि इथे पुस्तकाबद्दलची माझी खरी नाराजी येते. या संग्रहात लढायांचे नकाशे आहेत, राजवाड्यांचे आणि बिळांचे आतले आराखडे आहेत, शेवटी हवामान, वनस्पती, लोकवस्ती, भाषा यांचेही नकाशे आहेत. पूर कुठेच नाही. सांगलीच्या माणसाला हे समजत नाही. आमच्याकडे आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावाचा नकाशा म्हटला की आम्ही त्यावर निळी पूररेषा ओढतो, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आंदुइन उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांतून येते. टोल्किनने एका पत्रात लिहिलंय की हॉबिटांचं, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीचं, गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, गोंडोरची राजधानी मिनास तिरिथ फ्लॉरेन्सच्या आणि नदीची मुखं प्राचीन ट्रॉयच्या. म्हणजे बर्फ वितळलं की पाणी थेट उन्हाळी मुलखात उतरणार. मग पूररेषा कुठे?

मी काढली. पेन्सिलीनेच, अंदाजाने. ओसगिलियाथ सरळ निळ्या रेषेच्या आत येतं, ते ओसाड पडलं त्यात शत्रूबरोबर नदीचाही वाटा असणार असं माझं स्वतःचं मत. मिनास तिरिथ मात्र डोंगराच्या सोंडेवर, नदीपासून लांब. मधल्या पेलेन्नोरच्या शेतजमिनीला वेढणारी भिंत जवळच्या ठिकाणी वेशीपासून लीगभराहून थोडी लांब, दूरच्या ठिकाणी चार लीग. लीग म्हणजे तीन मैल. ती सगळी मळीची जमीन. गव्हाला उत्तम, घराला नाही. गोंडोरच्या राजांचा नगररचनाकार कोण होता त्याला माझा नमस्कार.

खाली पेलार्गिरचं बंदर, आणि मग एथिर आंदुइन, मुखाचा त्रिभुज प्रदेश. तो मी भराभर उलटला, तिथे गोष्टही फारशी जात नाही.

दुसरी नाराजी अशी की ही नदी एका कागदावर धड कुठेच मिळत नाही. पूर्ण देशाच्या नकाशात आहे, पण करंगळीएवढी. मोठ्या प्रमाणावर पाहायची तर वरचा भाग विल्डरलँडच्या पानावर, मधला तपकिरी माळ आणि एमिन मुइलच्या पानावर, खालचा पांढऱ्या डोंगरांच्या आणि मॉर्डोरच्या पानावर. मुलूख धरून पानं पाडली की नदीचे तुकडे होतात, हे आम्हीही तालुकेवार नकाशांत भोगलंय. शिवाय समुद्रसपाटीपासूनची उंची आकड्यांत मिळत नाही, म्हणून एल-सेक्शन, म्हणजे नदीचा लांबीच्या दिशेने उभा छेद, काढता येत नाही. कादंबरीतच आकडे नाहीत, बाईंचा दोष नाही. पण नकाशात एकही आर.एल., म्हणजे पातळीचा आकडा, दिसला नाही की हात थरथरतो, सवय आहे.

शेवटी मी चार तुकडे ट्रेसिंग पेपरवर एका प्रमाणात आणून जोडले. कपाटात जुनी रोट्रिंगची पेनं होती, एक चालू झालं. ओला दोरा वळणावळणाने चिकटवून लांबी मोजली: तेराशे ते चौदाशे मैलांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे कृष्णेच्या दीडपटीहून जास्त, गंगेपेक्षा थोडी कमी. जोडताना सांध्यांवर रेषा कुठेही अंगठाभर चुकली नाही. वेगवेगळ्या पानांवरची नदी एकमेकींना इतकी नीट मिळणं म्हणजे काय असतं हे ज्याने जोडलंय त्यालाच कळेल. आमच्या खात्यात दोन शाखांचे कागद असे जुळले तर चहा सांगायचे.

कुणी घ्यावं? गोष्ट न वाचता निव्वळ चित्रं म्हणून घेऊ नका, रंग नाहीत, कंटाळाल. गोष्ट वाचलेल्या आणि वाचताना "हे नक्की कुठे?" म्हणून अडखळलेल्या माणसाने जरूर घ्यावं. भूगोलाच्या मास्तरांनी तर घ्यावंच; पोरांना संगम, धावण, त्रिभुज, पाणथळ हे सगळं एकाच नदीत दाखवता येईल आणि पोरं ऐकतीलही. शक्य असेल तर पक्क्या बांधणीची प्रत शोधा, ही माझी दोन ठिकाणी उसवायला लागली आहे. आणि निर्देशसूची नीट आहे, प्रत्येक नावाला पान आणि चौकट दिलेली. म्हाताऱ्या डोळ्यांवर ते फार उपकार आहेत.

माझा चार हात लांबीचा कागद आता बैठकीच्या भिंतीवर आहे, आंदुइन प्रशियन निळ्यात. डाव्या तीराला, मर्कवुडच्या बाजूने, मी तीन ओघळ तुटक रेघेने टाकले आहेत आणि शेजारी आमच्या पद्धतीने 'जागेवर पाहणी करावी' असा शेरा मारलाय. भाचीने तो पाहिला आणि म्हणाली, "आत्या, पुस्तक परत कधी देतेस?" मी म्हटलं, तुझा पुढचा वाढदिवस कधी आहे, तुला नवं घेऊन देते.